मादागास्कर, व्हाया पावणे

आमच्या ऑफिसात दुपारी चारला खाऊ फिरतो. कुणीतरी गावाहून आलेलं असतं, कुणीतरी ऑनसाईटहून. गावाहून आलेल्यांकडे मालवणी खाजं नाहीतर कंदी पेढे, ऑनसाईटहून आलेल्यांकडे विमानतळावर शेवटच्या दहा मिनिटांत घेतलेलं चॉकलेट. गेल्या आठवड्यात मात्र फिरलं ते अमूलचं. डार्क चॉकलेट, वर 'मादागास्कर' असं देशाचं नाव आणि जोडीला 'सिंगल ओरिजिन'. टीममध्ये नवीनच आलेल्या एका मुलाने विचारलं, "सिंगल ओरिजिन म्हणजे काय हो?" टेस्टिंगमधल्या आमच्या एका मॅडमनी मॉनिटरवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "म्हणजे महाग."

व्याख्या म्हणून अगदीच वाईट नाही. पण खरा अर्थ साधा आहे. चॉकलेटातला सगळा कोको एकाच ठिकाणचा. एक देश, एक खोरं, कधी कधी एकच बाग. नेहमीच्या चॉकलेटात पाच ठिकाणचा कोको एकत्र केलेला असतो, म्हणजे चव दरवर्षी सारखी राहते आणि एका देशात पीक बुडालं तर दुसऱ्याकडून घेता येतं. सिंगल ओरिजिनवाले उलट म्हणतात, की फरक लपवू नका, तोच विका.

कल्पना चांगली आहे. माझी अडचण वेगळी आहे. पाकिटावर बेटाचं नाव आलं म्हणजे बेटाच्या पदरात काही पडलं असं आपण धरून चालतो, आणि ते नाव आपल्याला त्याबद्दल काहीच सांगत नाही. हा प्रश्न आपल्यासारख्या, नवी मुंबईत बसून परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिणाऱ्या लोकांना तरी पटकन सुचायला हवा. का, ते पुढे येईलच.

आधी चवीचं बोलू, कारण चवीतला फरक खरा असतो, नुसतं मार्केटिंग नाही. मादागास्करच्या वायव्येला अंबान्जा नावाच्या गावाजवळ सांबिरानो नदीचं खोरं आहे. तिथल्या कोकोत एक आंबटपणा असतो. गोरे लोक त्याला रासबेरी वगैरे म्हणतात. मला विचाराल तर ते अर्धवट पिकलेलं करवंद आहे. जगाच्या एकूण कोकोत मादागास्करचा वाटा एक टक्कासुद्धा नाही, पण आंतरराष्ट्रीय कोको संघटनेने तिथला सगळाच्या सगळा कोको उंची चवीचा म्हणून नोंदवलाय. आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्या देशाच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

आता ही चव येते कुठून? 'ओरिजिन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माती, पाऊस, हवा असलं काहीतरी येतं. ते असतंच. पण कोकोचं फळ फोडलं की आत निघतात पांढऱ्या, सीताफळासारख्या गरात गुरफटलेल्या तीस-चाळीस बिया, आणि त्यांना चॉकलेटचा वास अजिबात नसतो. त्या लाकडी खोक्यात भरून, केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवाव्या लागतात. ढीग आपोआप तापतो, पंचेचाळीस-पन्नास डिग्रीपर्यंत जातो. तो वेळेवर उलथापालथा करायचा. कमी आंबला तर चॉकलेट तुरट लागतं, जास्त आंबला तर वास येतो. मग उन्हात वाळवायचं, पाऊस आला की धावत झाकायचं. इडलीचं पीठ कधी आंबलं हे ज्या घरात बोट बुडवून ठरवतात तिथे हे समजावून सांगायची गरज नाही. न आंबवलेली बी स्वित्झर्लंडला नेऊन कितीही भाजा, चॉकलेट होणार नाही.

म्हणजे ज्याला आपण 'जागेची चव' म्हणतो, तिच्यातला मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या हाताचा असतो. तो नुसता कच्चा माल पिकवत नाही, चॉकलेट बनवायच्या कामाची पहिली पायरी तोच करतो. पाकिटावर मात्र श्रेय मातीला जातं. मातीला पैसे द्यावे लागत नाहीत.

(एक गंमत सांगतो. अमेरिकेत साधारण २००५ च्या सुमारास घरच्या घरी, गॅरेजमध्ये चॉकलेट बनवणाऱ्यांची लाट आली. त्यांना भाजलेला कोको तासन् तास वाटणारं छोटं, स्वस्त यंत्र हवं होतं. ते मिळालं कुठे, तर आपल्या इडली-डोशाचं पीठ वाटायच्या दगडी वेट ग्राइंडरमध्ये. मोटर आणि भांडं जरा मजबूत केलं की झालं. आज जगभरच्या छोट्या चॉकलेटवाल्यांकडे याच जातीची यंत्रं फिरताना दिसतात. कोईमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे. पण व्हेनेझुएलाचा कोको, ब्रुकलिनचं चॉकलेट असं लिहिणाऱ्या कुणीही पाकिटावर 'वाटण: तमिळ पद्धतीचं' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. असो.)

गावाच्या नावाची किंमत आपल्याला नवीन नाही. आमच्या पावण्याहून वाशीचं एपीएमसी मार्केट रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. (पत्ता सांगताना 'पावणे' म्हटलं की फोनवरचा माणूस हमखास 'पावणे किती?' विचारतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, कोपरखैरणे आणि तुर्भ्याच्या मधलं गाव आणि त्याला लागलेली एमआयडीसी, असं सांगितलं की गाडी येते.) मार्च-एप्रिलमध्ये त्या मार्केटात गेलात तर 'सिंगल ओरिजिन' या विषयावर कुठलाही हमाल तुम्हाला लेक्चर देईल. पेटीवर देवगड की रत्नागिरी, आणि पेटीत खरोखर काय? कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला जातो ही तक्रार दरवर्षीची. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते यासाठीच. गंमत म्हणजे त्याच वर्षीपासून नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीत आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस यायला लागला. त्याची कलमं कोकणातूनच गेलेली. चव बरी असते. पण कोकणातल्या बागायतदाराला विचारा, तो म्हणेल, चव जाऊ द्या, नावाचा पैसा कुणाच्या खिशात गेला ते सांगा.

हापूसमध्ये हा प्रश्न आपण लगेच विचारतो, कारण देवगडला आपला मावसभाऊ असतो. मादागास्करला नसतो.

पण म्हणून ठिकाणाचं नाव छापणं हे नुसतं ढोंग आहे असंही मी म्हणणार नाही. ठिकाण माहीत असणं किती महत्त्वाचं असतं, याचं उदाहरण चॉकलेटच्याच इतिहासात आहे, आणि त्यातलं मुख्य पात्र आपल्या घरातलं आहे. आपल्याकडे चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणतात. लहानपणी पाहुणे 'बाळाला कॅडबरी घ्या' म्हणून पैसे द्यायचे आणि आई त्याची वही घ्यायची. ठाण्यात तर चौकाचंच नाव कॅडबरी जंक्शन.

तर हे कॅडबरी बर्मिंगहॅमचे, क्वेकर पंथाचे. कामगारांसाठी बोर्नव्हिल नावाचं आदर्श गाव वसवणारे, गुलामगिरीच्या विरोधातले, भले लोक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा जवळजवळ निम्मा कोको एका बेटावरून यायचा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, विषुववृत्तावरचं साओ टोमे, तेव्हा पोर्तुगालची वसाहत. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरीच्या हाती तिथल्या एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला. त्यात गुरं, अवजारं यांच्या यादीत मजूरही होते. किमतीसकट. अंगोलातून माणसं पकडून आणायची, पाच वर्षांच्या करारावर अंगठा घ्यायचा, आणि करार संपला तरी परत कुणी जायचं नाही, असा तो मामला. हेन्री नेव्हिन्सन नावाच्या पत्रकाराने १९०४-०५ मध्ये अंगोला आणि ती बेटं फिरून त्यावर लेखमाला लिहिली, १९०६ मध्ये पुस्तक काढलं. कॅडबरींनीही आपला माणूस चौकशीला पाठवला. चौकशी झाली, अहवाल झाला, पोर्तुगीज सरकारशी पत्रव्यवहार झाला. कोकोची खरेदी मात्र चालू. 'खरेदी थांबवली तर आपला दबाव राहणार नाही' असं त्यावरचं स्पष्टीकरण. (हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? प्रत्येक मोठ्या कंपनीच्या एथिक्स ट्रेनिंगमध्ये कुठल्यातरी स्लाईडवर ते असतं.)

१९०८ मध्ये लंडनच्या 'स्टँडर्ड' या वर्तमानपत्राने हा ढोंगीपणा छापला. कॅडबरींनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. मार्च १९०९ मध्ये, म्हणजे कागद हाती आल्यावर आठ वर्षांनी, त्यांनी साओ टोमेचा कोको घेणं बंद केलं. डिसेंबरात निकाल लागला. ज्युरीने कॅडबरींच्या बाजूने कौल दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी! जिंकलात, पण तुमच्या अब्रूची किंमत एवढीच. कॅडबरींचे वकील होते रूफस आयझॅक्स. तेच पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून १९२१ मध्ये आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आले, आणि त्यांच्याच काळात गांधीजी येरवड्याला गेले. जग लहान असतं ते असं.

या प्रकरणात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोको कुठून येतो हे माहीत नसतं, तर प्रश्नच उभा राहिला नसता. सगळ्या बेटांचा कोको एका पिंपात मिसळला की कुणी कुणाला जाब विचारायचा? त्यामुळे 'सिंगल ओरिजिन' हे मला जाब विचारायचं साधन म्हणून आवडतं. फक्त आजकाल त्याचा उपयोग जाब विचारायला कमी आणि खोऱ्याचं वर्णन करायला जास्त होतो. साओ टोमेच्या वेळी लोकांनी विचारलं होतं, 'तिथे कोण राबतंय?' आता पाकीट आपल्याला सांगतं, 'तिथल्या कोकोला लाल फळांचा गंध आहे.'

पैशाचा हिशोब बघा. २०१५ च्या 'कोको बॅरोमीटर' या अहवालानुसार चॉकलेटच्या किमतीतला साधारण ६.६ टक्के वाटा शेतकऱ्याकडे पोचत होता. शंभर रुपयांची वडी घेतली तर सहा-सात रुपये. सिंगल ओरिजिनवाल्या छोट्या कंपन्या कोकोला बाजारापेक्षा बरा भाव देतात, हे खरं आहे. पण त्यांची वडीही तिप्पट-चौपट किमतीला असते, त्यामुळे टक्केवारी आपोआप वर जाते असं नाही. दर गगनाला भिडले तरी फार फरक पडत नाही, हे नुकतंच दिसलं. वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात दहा हजारांवर गेला, डिसेंबरात बारा हजारांवर. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाआधीच ठरवतं, त्यामुळे तेजीचा मोठा भाग त्यांच्या डोक्यावरून गेला. आपल्याकडे आंध्रात, केरळात शेतकऱ्यांना त्या तेजीत खरोखर चांगले पैसे मिळाले. आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, भाव असा आपटला की आंध्र सरकारला किलोमागे पन्नास रुपयांची मदत जाहीर करावी लागली.

मग वाटा वाढतो कधी? माझ्या मते, कारखाना जेव्हा बागेजवळ येतो तेव्हा.

मादागास्करातच राजधानी अंतानानारिव्होमध्ये 'शोकोलातरी रोबेर' ही कंपनी १९४० पासून तिथल्याच कोकोचं चॉकलेट बनवते. पण माझं आवडतं उदाहरण ग्रेनेडाचं. वेस्ट इंडिजमधला हा बेटांचा देश. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये किरानी जेम्सने चारशे मीटरचं सुवर्ण जिंकलं, तोच. क्षेत्रफळ साधारण ३४४ चौरस किलोमीटर. हा आकडा मला पाठ आहे, कारण सिडकोने नवी मुंबईसाठी जो प्रदेश आखला तोही जवळपास तेवढाच, ३४४ चौरस किलोमीटर! म्हणजे दिघ्यापासून पनवेल-उरणपर्यंतचा आपला नकाशा उचलून समुद्रात ठेवला की झाला एक देश. माणसं मात्र सव्वा लाखाच्या आत. आपल्याकडे एकट्या महापालिकेत २०११ च्या जनगणनेतच अकरा लाखांच्या वर होती.

या ग्रेनेडात १९९९ मध्ये मॉट ग्रीन नावाच्या एका अमेरिकन माणसाने दोन मित्रांबरोबर 'ग्रेनेडा चॉकलेट कंपनी' काढली. हा पठ्ठ्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होता, डिग्री हातात यायच्या बेतात असताना सोडून निघाला. इंजिनियर लोकांना याची गोष्ट आवडेल, कारण त्याने यंत्रं स्वतः जमवली. जुनीपुराणी चॉकलेटची यंत्रं दुरुस्त केली, जी मिळाली नाहीत ती बनवली, वीज सोलर पॅनलची. शेतकरी आणि कामगारांची सहकारी संस्था. बेटावरचा कोको, बेटावरच आंबवलेला, बेटावरच वाटलेला, पाकीटही बेटावरच गुंडाळलेलं. २०१२ मध्ये त्यांनी चॉकलेट युरोपला पाठवलं ते 'त्रेस ओंब्रेस' नावाच्या इंजिन नसलेल्या शिडाच्या जहाजातून. २०१३ च्या जूनमध्ये सोलर यंत्रणेवर काम करताना विजेचा धक्का बसून तो गेला. वय ४७. कंपनी मागे राहिली.

आता ऑफिसात हा विषय निघाला की एकजण ठरलेला मुद्दा काढतो. "सगळ्यांनीच का नाही केलं मग? कुणी अडवलंय?" रास्त प्रश्न आहे. चॉकलेट चौतीस डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि कोको पिकतो विषुववृत्तापासून वीस-वीस अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे नेमका जिथे उकाडा तिथे. (पावणे एकोणीस अंशांवर आहे. नकाशाप्रमाणे आपणही त्या पट्ट्यात. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकून जातो आणि कोकोला बारमाही ओल लागते.) चोवीस तास एसी, न जाणारी वीज, गार ठेवलेले कंटेनर, आणि मुख्य म्हणजे भांडवल. त्यात युरोपची जुनी चाल अशी, की कच्च्या बियांवर ड्युटी नाही आणि तयार चॉकलेटवर आहे. काही देशांना त्यातून सूट मिळते, पण कारखाने कुठे उभे राहायचे ते शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलं. ब्रँड तिकडे, जाहिरात तिकडे, धोका तिकडच्यांनी पत्करलेला, म्हणून नफा तिकडे. यातलं काहीच खोटं नाही. पण यातलं काहीच निसर्गनियमही नाही.

तसं नसतं तर पुत्तूर झालं नसतं. कॅडबरीने १९६५ च्या सुमारास केरळात कोकोची लागवड सुरू करून दिली. सत्तरच्या दशकात लोकांनी नारळी-पोफळीच्या बागांत भराभर झाडं लावली. १९८० च्या आसपास भाव कोसळले, माल घ्यायला कुणी येईना, लोकांनी झाडं तोडली. तेव्हा मंगळूरची 'कॅम्पको' ही सुपारीवाल्यांची सहकारी संस्था कोको खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना टाकला. कॅम्पकोच्या वडीवर कुणी कविता लिहीत नाही. पण ज्याची पोफळ त्याचाच कारखाना, हे तिथे झालं.

आपल्याला तर हे कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी नेमकं हेच केलं. ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. (पुढे त्या कारखान्यांचं काय झालं, तो वेगळ्या वीकेंडचा विषय आहे, आणि तो लिहायला जास्त धीर लागेल.)

अमूलच्या त्या पाकिटावर माझी नजर अडकते ती यामुळे. अमूल म्हणजे काय? दूधवाल्यांनी म्हटलं, दूध आमचं, तर डेअरीही आमची, लोण्याचं नावही आमचं. ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैसे आणि वर उत्पादकाला जातात, असं अमूल अभिमानाने सांगतं, आणि तो अभिमान योग्यच आहे. तीच अमूल मादागास्करच्या शेतकऱ्याचा कोको घेते तेव्हा मात्र ती त्याची डेअरी नसते, ती गिऱ्हाईक असते. कोको तिथला, कारखाना आणंदजवळ मोगरला. आणंदच्या शेतकऱ्याने जे स्वतःसाठी मिळवलं, ते अंबान्जाच्या शेतकऱ्याला मिळालेलं नाही, आणि त्याचा देश पाकिटावर आहे. मी अमूलला दोष देत नाहीये. मला फक्त ते चित्र विचित्र वाटतं.

आणि आता आपण. आपण सगळे, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या काचेच्या इमारतींत बसणारे, नक्की काय करतो? कोको पिकवून, आंबवून, वाळवून पाठवतो. वेष्टन तिकडे होतं. आम्ही गेली काही वर्षं एका परदेशी प्रॉडक्टचं जवळजवळ सगळं इंजिन लिहिलंय. प्रॉडक्टच्या 'अबाउट' पानावर कॅलिफोर्नियातलं एक गाव आहे. फरक एवढाच, की मादागास्करच्या शेतकऱ्याच्या नशिबी निदान बेटाचं नाव तरी येतं. उद्या कुणी 'सिंगल ओरिजिन कोड, पावणे, महाराष्ट्र, किंचित आंबटसर' असं लिहायला लागलं तर आमचे बिलिंग रेट वाढतील का? मुळीच नाही. वाढला तर कॅलिफोर्नियातल्या गावाचा भाव वाढेल. पगार चांगला आहे, ईएमआय वेळेवर जातो, मी रडगाणं गात नाही. पण नाव छापून येणं आणि वाटा मिळणं यांत काय अंतर असतं, ते अप्रेझलच्या महिन्यात आपल्याइतकं कुणाला कळतं?

आपल्या पायाखालच्या जमिनीलाही ते माहीत आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी एमआयडीसीसाठी गेल्या, तेव्हा भातखाचरांच्या जागी कंपन्या आल्या आणि गावाचं नाव पत्त्यात राहिलं. पावणे एमआयडीसी. छान. पुढे सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडचे शेतकरी रस्त्यावर आले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत. त्यांनी गावाचं नाव पाटीवर मागितलं नव्हतं, नाव तर होतंच. त्यांनी आकडा मागितला. आणि पाच जीव जाऊनही जो मिळाला तो साडेबारा. त्याच्या शेजारी कोकोचा ६.६ ठेवून बघा.

म्हणून मला वाटतं, चॉकलेटच्या पाकिटावरही आकडा असावा. शेतकऱ्याला किलोला काय दिलं, आणि चॉकलेट कुठे बनलं. दोन ओळी. अशक्य नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सची 'ताझा' नावाची छोटी कंपनी गेली कित्येक वर्षं कुठल्या देशातून किती टन घेतला आणि टनाला काय भाव दिला, हे दरवर्षी जाहीर करते. कंपनी बुडाली नाही. आपल्याकडेही मुंबईत, ऑरोव्हिलमध्ये, मैसूरला, कोचीला इडुक्कीचा नाहीतर गोदावरीचा कोको घेऊन चॉकलेट बनवणारे आता आहेत. हैदराबादच्या 'मनाम'वाल्यांनी तर कोको आंबवायचं काम पश्चिम गोदावरीत, बागांजवळच नेलंय. या मंडळींना शेतकरी नावानिशी माहीत असतो, भावही माहीत असतो. छापायचं तेवढं राहिलंय.

आपल्या कायद्याने पाकिटावर काय काय छापावं लागतं ते एकदा उलटून बघा. एमआरपी, तीही सगळे कर धरून. निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीचा फोन, परवान्याचा नंबर, हिरवा ठिपका. दहा रुपयांच्या वडीवरसुद्धा हे सगळं मावतं. सिंगल ओरिजिनचं पाकीट तर तळहाताएवढं असतं, आणि मागच्या बाजूला त्या लाल फळांच्या गंधाचा चांगला चार ओळींचा परिच्छेद असतो. त्यातल्या दोन ओळी कमी केल्या तरी चालतील.